डीटीपीच्या दुकानात मॅक मिनी आणावा का, की विंडोजच बरं?

सई_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं, आता मी बघते. काम म्हणजे लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, आणि दिवाळीच्या आधी एक-दोन अंकांची पानं लावून द्यायची असतात. दोन कॉम्प्युटर आहेत, दोन्हीवर विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि एका मशीनचा प्रोसेसर इंटेलचा सहाव्या जनरेशनचा असल्यामुळे त्यावर विंडोज ११ रीतसर बसतच नाही, म्हणजे एक तरी मशीन नवीन घ्यावंच लागणार.

भाऊ पुण्यात असतो, तो म्हणतो आता मॅक मिनी घे, आयुष्यभराचा त्रास संपेल. दुकानातले जुने लोक म्हणतात मराठीच्या कामाला मॅक चालत नाही. दोघंही इतक्या ठामपणे सांगतात की मला नेमकं कारण कुणाकडूनच कळत नाहीये.

आमची अडचण अशी की जुना सगळा साठा पेजमेकर ७ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, मजकूर मराठी टायपिंगच्या जुन्या लिपी सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये, त्याला यूएसबीचं लॉक लागतं, ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडतच नाही. पत्रिका आणि फ्लेक्सचं काम कोरलड्रॉमध्ये. आमच्याकडे टायपिंगला ज्या काकू आहेत त्या टाइपरायटरच्या कीबोर्डवर टाइप करतात, त्यांचा स्पीड भयंकर आहे आणि मला तो घालवायचा नाहीये. बजेट लाखाच्या आत. ज्यांनी खरंच मराठी छपाईचं काम दोन्हीवर केलंय त्यांनी सांगा.

रंगरेषा_पुणे

सई, भाऊ बरोबर सांगतोय. मी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि पॅकेजिंग करतो, पूर्ण काम मॅकवर. एम४ चा मॅक मिनी भारतात आला तेव्हा बेसिक मॉडेलची किंमत ५९,९०० होती, त्यात १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस तुमचे जुनेच चालतील. या पैशात इतका वेगवान आणि इतका शांत विंडोज डेस्कटॉप मला तरी मिळालेला नाही.

आणि विजेचा मुद्दा कुणी बोलत नाही. ॲपलच्याच आकड्यांप्रमाणे हा मिनी रिकामा बसलेला असताना ४ वॅटच्या आसपास वीज खातो आणि पूर्ण जोर लावला तरी ६५ वॅट. तुमच्याकडे लाइट जाते का? इन्व्हर्टरवर दिवस निघेल. दिवाळी अंकाच्या गर्दीत मशीन बंद पडणं म्हणजे काय ते दुकानवाल्यालाच माहीत.

मराठी चालत नाही हे तर अगदी जुनं झालं. मॅकमध्ये देवनागरी फाँट आधीपासून बसवलेले येतात, कोहिनूर देवनागरी आहे, आयटीएफ देवनागरी मराठी आहे, श्री देवनागरी ७१४ सुद्धा आहे. पानं लावायचं इनडिझाइन, फोटोशॉप, इलस्ट्रेटर दोन्हीकडे सारखे. कोरलड्रॉ पण २०१९ पासून मॅकवर परत आलंय. पेजमेकरचं म्हणाल तर त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे, अडोबीने २००४ मध्ये त्यावरचं काम थांबवलं, त्याच्यासाठी नवीन मशीन निवडणं मला पटत नाही.

अण्णा_असेंब्लर

सईताई थांबा, पैसे भरायच्या आधी हे वाचा. मी कोल्हापुरात मशीनं जोडून देतो, प्रेसवाले आणि डीटीपीवाले हेच माझे जास्तीचे गिऱ्हाईक.

वेग, वीज, आवाज, रंगरेषा जे म्हणतात ते सगळं खरं आहे. पण तुमचा प्रश्न वेगाचा नाहीच, लॉकचा आहे. ॲपलने नोव्हेंबर २०२० पासून इंटेल सोडून स्वतःची चिप लावली, ती एआरएम जातीची. इंटेलच्या मॅकवर बूटकॅम्पने सरळ विंडोज टाकता यायचं, नव्या चिपवर ते नाही. आता मॅकवर विंडोज हवं तर पॅरलल्स घ्यायचं आणि त्यात विंडोज ११ ची एआरएम आवृत्ती चालवायची, मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये त्याला अधिकृत मान्यताही दिली आहे. आत जुने इंटेलवाले प्रोग्रॅम भाषांतर होऊन चालतात, पेजमेकरसुद्धा उघडेल कदाचित. पण लॉकचा ड्रायव्हर हा प्रोग्रॅम नसतो, तो विंडोजच्या गाभ्यात बसतो आणि गाभ्यातल्या ड्रायव्हरचं भाषांतर होत नाही, तो एआरएमसाठी वेगळा बनवलेलाच लागतो. वीस वर्षांपूर्वीच्या लॉकचा तसा ड्रायव्हर कोण बनवणार? लॉक ओळखलं गेलं नाही की लिपी सॉफ्टवेअर उघडत नाही, मग काकूंनी टाइप कशात करायचं?

आणि दुकानात कुणी तुम्हाला स्नॅपड्रॅगनवाला विंडोज लॅपटॉप दाखवला, बॅटरी फार चालते म्हणून, तर तोही घेऊ नका. तोही एआरएमच, लॉकची तीच गोष्ट. डब्यावर विंडोज लिहिलंय म्हणजे झालं असं नाही. इंटेल किंवा एएमडी हे नाव बघून घ्या.

माझा सल्ला: इंटेल आय५ किंवा रायझन ५ चा असेंबल्ड, १६ जीबी रॅम, ५१२ ची एनव्हीएमई एसएसडी, साठ्यासाठी वेगळी हार्डडिस्क. सध्या रॅमचे भाव चढलेत तरी हे बजेटमध्ये बसतं. उद्या रॅम वाढवायची झाली तर वाढवता येते, मिनीची रॅम चिपलाच चिकटलेली, घेतली ती कायमची. मदरबोर्ड गेला तर संध्याकाळपर्यंत दुसरा लावून देतो, सांगली-कोल्हापुरात मॅक बिघडला तर किती दिवस लागतात हे तिथल्या मॅकवाल्यांना विचारा.

रंगरेषा_पुणे

अण्णा, लॉकचा मुद्दा घेतला. पण त्या लॉकपायी अजून किती वर्षं अडकून राहायचं? उद्या ते लॉकच जळालं तर? आणि विंडोजवालेही काही कायमचं सांभाळत नाहीत, सुरक्षेची टीपीएम २.० चिप नाही, प्रोसेसर जुना, एवढ्यावरून चांगली चालणारी मशीनं बाजूला काढायला लावलीच ना. सईची तक्रार तीच आहे.

छपाईवाले_काका

इथे दोन्ही बाजू बरोबर बोलताहेत पण मूळ गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून लिहितो, थोडं लांबेल. मी गिरगावात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, मग फोटोकंपोझिंग, मग डीटीपी, सगळं हाताखालून गेलंय.

डीटीपी हा धंदाच मुळात मॅकवर जन्मला. जानेवारी १९८४ ला मॅकिंटॉश आला, १९८५ ला त्याचा लेझररायटर प्रिंटर आणि त्यातली अडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पान छापायची भाषा, आणि त्याच वर्षी आल्डस कंपनीचं पेजमेकर. ही तीन एकत्र आली आणि टेबलावर बसून पान लावता येऊ लागलं. पेजमेकर पीसीवर नंतर आलं. मुंबईतल्या जाहिरात कंपन्यांनी इंग्रजी कामाला मॅक घेतले आणि ते अजून तिथेच आहेत.

मराठी छपाई मात्र पीसीकडे गेली, त्याला कारणं होती. एक तर पैसा. मॅक अख्खाच घ्यावा लागायचा, पीसी लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जोडून मिळायचा, छोट्या प्रेसला तोच परवडायचा. दुसरं, भारतीय भाषांचं जे काम इथे झालं ते पीसी धरून झालं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं जिस्ट तंत्रज्ञान, त्याचं कार्ड पीसीच्या आत बसायचं. पुढे सी-डॅकचं आयएसएम आलं, पुण्याच्याच मॉड्युलरचं श्रीलिपी आलं, आणि गावोगावी डीटीपीचा जो ऑपरेटर तयार झाला तो विंडोज, पेजमेकर आणि यातलं एखादं लिपी सॉफ्टवेअर यावरच तयार झाला. फार मोठं काम झालंय ते, त्याला कमी लेखू नये. तालुक्याच्या गावाला सुबक मराठी अक्षर त्यानेच दिलं.

पण त्या काळी विंडोजला स्वतःला देवनागरी येत नव्हती, ती विंडोज २००० पासून आली. तोपर्यंत या कंपन्यांनी युक्ती अशी केली की इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवले. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी चिन्हंच असतात, वर तो फाँट चढवला की मराठी दिसते. दुसरा फाँट लावला की सगळा गोंधळ. प्रत्येक कंपनीचा क्रम वेगळा. म्हणजे सईबाई, तुझ्या साठ्यातला मजकूर हा मराठी मजकूर नाहीच, तो एका कंपनीच्या एका फाँटचा मजकूर आहे. तू मॅक घेतलास तरी तो अडकलेला, विंडोज घेतलंस तरी अडकलेला, फरक इतकाच की विंडोजवर अजून किल्ली चालते.

इथे या दोन कंपन्यांचा स्वभाव लक्षात घे. ॲपल मागचं तोडत पुढे जाते. १९९४ ला चिप बदलली, २००६ ला पुन्हा बदलली, २०१९ मध्ये ३२ बिटचे सगळे प्रोग्रॅम एका फटक्यात बंद केले, २०२० ला परत चिप बदलली. त्यामुळे त्यांचं मशीन चपळ राहतं. मायक्रोसॉफ्ट मागचं ओझं घेऊन चालते, ३२ बिटचा जुना प्रोग्रॅम विंडोज ११ वर अजून चालतो, १६ बिटचे तेवढे गेले. ज्याचा साठा जुना त्याने ओझं वाहणाऱ्याकडे जावं, ज्याचा साठा मोकळा त्याने पाहिजे ते घ्यावं. म्हणून मी म्हणतो आधी साठा मोकळा कर. मजकूर युनिकोडमध्ये आण. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, त्यात क हा क च असतो, मशीन कुठलंही असो, फाँट कुठलाही असो. त्यानंतर मॅक का विंडोज हा प्रश्न तुझ्या खिशाचा आणि आवडीचा उरतो.

सई_सांगली

काका, फार आभार, इतक्या वर्षांत मला हे कुणी असं सांगितलं नव्हतं. आता दोन शंका. एक, पतसंस्थांचे अहवाल दरवर्षी तेच असतात, आकडे आणि नावं बदलायची असतात, म्हणजे जुनी फाइल उघडावीच लागते. युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर वापरला तर मजकूर जसाच्या तसा येतो का? आणि दोन, काकूंच्या कीबोर्डचं काय? त्या इनस्क्रिप्ट, म्हणजे सरकारी प्रमाण कीबोर्ड, शिकणार नाहीत, आणि मी त्यांना या वयात ते सांगणारही नाही.

पानं_लावणारी

सई, मी ठाण्याहून, पुस्तकांची मांडणी करते, विंडोज आणि मॅक दोन्ही वापरते, काम येईल तसं.

कन्व्हर्टरचं: नव्वद टक्के पान नीट येतं म्हणून लोक खूश होतात आणि तिथेच फसतात. जुन्या फाँटमध्ये अक्षर जसं दिसतं त्या क्रमाने साठवलेलं असतं, म्हणजे पहिली वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर, रफार मात्र अक्षरानंतर. युनिकोडमध्ये उलट, व्यंजन आधी मग वेलांटी, आणि रफाराचा र अक्षराच्या आधी. कन्व्हर्टरला हा सगळा क्रम फिरवावा लागतो आणि जोडाक्षराला वेलांटी आणि रफार एकत्र आले की तो हमखास चुकतो. ‘वर्षी’, ‘मूर्ती’, ‘आर्थिक’ असले शब्द वेगळे काढून बघ, अहवालात तर पावलोपावली. तसंच ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याने’ यातला ऱ्य, आणि आकडे, आणि अवतरणचिन्हं. म्हणून प्रूफ परत वाचावंच लागतं, आधी वाचलेलं असलं तरी. सगळा साठा एकदम करू नकोस. ज्या संस्थेचा अहवाल यावर्षी येईल तेवढाच बदल, पुढच्या वर्षी तो तयार असेल.

पेजमेकरच्या फाइलींबद्दल एक गोष्ट जरूर ऐक. इनडिझाइनमध्ये पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली उघडायची सोय सीएस६ पर्यंतच होती, नंतरच्या आवृत्तींनी ती काढून टाकली. म्हणजे नवीन इनडिझाइन घेऊन जुनी फाइल उघडेल या भरवशावर राहू नका, मॅक असो की विंडोज.

इनडिझाइनमध्ये मराठी लावताना पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचा, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांट्या भलतीकडे जातात, आणि लोक म्हणतात इनडिझाइनला मराठी येत नाही. फाँटमध्ये ल आणि श मराठी वळणाचे हवेत. बऱ्याच देवनागरी फाँटमध्ये हिंदी वळणाचा ल आणि श येतो, आपल्या वाचकाच्या डोळ्याला तो लगेच खटकतो, निदान माझ्या तरी. गूगल फाँट्सवर टिरो देवनागरी मराठी आहे, फुकट, पुस्तकी मजकुराला अतिशय सुंदर, तो बघच. पत्रकं-बित्रकं असतील तर ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्यांचा ‘मुक्त’ हा फाँट. हे दोन्ही मॅकवर आणि विंडोजवर तसेच्या तसे चालतात.

काकूंचा कीबोर्ड: विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट आणि मराठी फोनेटिक असतात, मॅकमध्ये इनस्क्रिप्ट आणि क्वर्टी, टाइपरायटरचा मराठीसाठी आतून दोन्हीकडे नाही. पण बनवता येतो. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचंच कीबोर्ड लेआउट क्रिएटर फुकट आहे, मॅकसाठी यूकेलेले, आणि कीमॅन दोन्हीवर चालतं. काकूंच्या बोटांना सवय असलेल्या किल्ल्या तशाच ठेवता येतील, फक्त वेलांटी आधी मारायची सवय आहे तेवढं नीट जुळवावं लागेल, आणि हे कीमॅनमध्ये जास्त चांगलं जमतं कारण ते आधी मारलेली किल्ली लक्षात ठेवून क्रम बदलू शकतं. त्यांच्या शेजारी बसून करा. या लोकांचा हात म्हणजे दुकानाची खरी किंमत, मशीनपेक्षा कितीतरी जास्त.

मुक्तस्रोत_नाशिक

तिसरा पर्यायही लक्षात असू द्या. तुमचं जे मशीन विंडोज ११ घेत नाही ते फेकू नका. त्यावर लिनक्स टाकलं तर मेल, पीडीएफ बघणं, युनिकोड टायपिंग, लिब्रेऑफिसमध्ये प्रूफ तपासणं, एवढं आरामात होतं. पानं लावायला स्क्रायबस आहे, १.६ आवृत्ती जानेवारी २०२४ ला आली, त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट येतात. मी संस्थेचं मासिक त्यावर लावतो. पण खरं सांगतो, कोरल लिनक्सवर नाही, तुमचं लिपी सॉफ्टवेअरही चालणार नाही, आणि गिऱ्हाईक कोरलची सीडीआर फाइल घेऊन येणार असेल तर लिनक्स हे मुख्य मशीन होऊ शकत नाही. दुसरं मशीन म्हणून उत्तम, पैसेही लागत नाहीत.

अण्णा_असेंब्लर

नाशिककरांना दुजोरा, फक्त माझ्या मते त्या जुन्या मशीनचा याहून चांगला उपयोग आहे. त्यावर विंडोज १०, पेजमेकर आणि लॉक जसं आहे तसं ठेवा आणि त्याचं इंटरनेट काढून टाका. नेटच नाही म्हटल्यावर सपोर्ट संपल्याची काळजी पुष्कळ कमी होते. जुना अहवाल तिथे उघडायचा, मजकूर बाहेर काढायचा. पेनड्राइव्ह मात्र गिऱ्हाइकाचा त्याला लावायचा नाही, दुकानाचा वेगळा ठेवा. आणि त्याच्या डिस्कची अख्खी इमेज काढून दोन ठिकाणी ठेवा, जुनी हार्डडिस्क कधी जाईल सांगता येत नाही.

रंगरेषा_पुणे

असं असेल तर नवीन मशीन मॅक घ्यायला काय हरकत आहे? लॉक जुन्या मशीनवर राहिलं, नवीन काम युनिकोडमध्ये. माझं म्हणणं पहिल्यापासून तेच आहे की नवीन मशीन नव्या कामासाठी बघावं.

छपाईवाले_काका

हरकत मॅकची नाही, वेळेची आहे. तिच्याकडे टायपिंगला एक बाई आणि समोर दिवाळी. लिपी सॉफ्टवेअर बदलायचं, पेजमेकर सोडायचं, कीबोर्ड नवा, आणि वर मशीनही वेगळ्या जातीचं, इतकं सगळं एका हंगामात बदलणारं दुकान मी बंद पडताना पाहिलंय. शिवाय मिनीला मॉनिटर नसतो, तो जुना लावला तर मॅकचा रंग रंग म्हणतात तो कुठून येणार? त्या फरकाच्या पैशात एक आयपीएस मॉनिटर घ्यावा, प्लेट काढायच्या आधी पानावरचा रंग तरी नीट दिसेल. प्लेटवाल्याला पीडीएफ लागते, ती मॅकवरून आली की विंडोजवरून हे तो विचारतही नाही.

सई_सांगली

भाऊ फोनवर अजून मॅकच म्हणतोय पण माझं ठरलं. आत्ता अण्णा म्हणतात तसा इंटेलचा असेंबल्ड आणि काकांनी सांगितलेला आयपीएस मॉनिटर. जुनं मशीन नेट काढून लॉकसाठी. दुसरं विंडोज ११ घेतंय, त्यावर काकूंसाठी कीमॅन बसवून बघते, ‘पानं लावणारी’ ताई, लेआउट जुळवताना अडले तर इथेच विचारीन. यावर्षी फक्त दोन अहवाल आणि एक दिवाळी अंक युनिकोडमध्ये करायचे, पत्रिका आहेत तशा कोरलमध्ये. सगळा साठा मोकळा झाला की मग रंगरेषा, तुम्हाला मॅकचं विचारते, तेव्हाही तितक्याच हौसेने सांगा.

अण्णा, जुन्या पेजमेकरच्या फाइलींच्या पीडीएफ करून ठेवायच्या का सगळ्या?

अण्णा_असेंब्लर

हो, सगळ्या. तेच पहिलं काम, नवीन मशीन यायच्या आधी. पीडीएफ करताना फाँट एम्बेड होतायत ना, म्हणजे फाइलमध्येच बसतायत ना, ते प्रत्येक फाइलला बघा, म्हणजे लॉक मेलं तरी पान छापता येईल. आणि लिपी सॉफ्टवेअरवाल्या कंपनीला एक फोन करून विचारा, तुमच्या जुन्या लॉकच्या बदल्यात नवी आवृत्ती देतात का, त्यात युनिकोड आणि टाइपरायटर कीबोर्ड दोन्ही आहेत का. असतील तर काकूंचा प्रश्न तिथेच सुटला. असेंबल्डचं कोटेशन मेसेजमध्ये पाठवतो.